चाळीस जणांआधी प्यालेली कॉफी

आधी खरं सांगून टाकतो. कॉफी मी प्यालो. कुणी ढकललं नाही, कुणी फसवलं नाही. समोर आली, उजव्या हातानं घेतली, एका घोटात संपवली. वर कप हलवून परत दिला, म्हणजे बास, भरलं पोट.

आणि चाळीस माणसं दगड झाली.

आपल्याकडं मुलगी मागायला जावं आणि सुपारी फुटायच्या आधीच पाव्हण्यांतल्या एकानं जेवून, हात धुऊन, बडीशेप मागावी, तसं काहीतरी. पण त्याहून वाईट. कारण पुढं जे काही व्हायचं होतं ते सगळं त्या एका कपात होतं, आणि तो कप आता माझ्या पोटात होता.

थांबा. मागून सांगतो.

माझं नाव वैजनाथ कोष्टी, गाव इचलकरंजी. जॉर्डनमध्ये इर्बिदच्या बाहेर कपड्यांच्या कारखान्यात मशीन मेकॅनिक आहे. पाचवं वर्ष चालू. ओव्हरलॉक, फ्लॅटलॉक, काजं करायचं मशीन, काहीही बंद पडलं की मला हाक. शिकलो कुठं? कुठंच नाही. मामाच्या दुकानात मशीन उघडत गेलो, परत जोडत गेलो आणि जे स्क्रू उरले ते खिशात घालत गेलो. अरबी पण तशीच शिकलो. उघडली, जोडली, उरलं ते खिशात.

वैजनाथ हे नाव इथं कुणाच्या तोंडात बसेना. इथं माणसाला थोरल्या पोराच्या नावानं हाक मारतात, अबू अमका, म्हणजे अमक्याचा बाप. माझं लग्न नाही, पोर नाही. सुहैब म्हणाला, तुझी पोरं म्हणजे या मशिनी. झालं, मी अबू मकीना. गेटवरचा वॉचमन तेच म्हणतो, मॅनेजर तेच म्हणतो. ओळखपत्रावर तेवढं खरं नाव शिल्लक आहे.

सुहैब म्हणजे आमचा बॉयलरवाला. इस्त्रीच्या विभागाला वाफ पुरवतो. उंच, हाडकुळा, सतत कुणाशी तरी भांडत असलेला आणि दहा मिनिटांनी त्याच माणसाच्या गळ्यात हात टाकून चहा पिणारा. लग्न त्याचं होतं. म्हणजे व्हायचं होतं. म्हणजे माझ्यामुळं मोडायचं होतं.

पहिल्या वर्षी मी इथं नुसता कुढत होतो. जेवणात तिखट नाही. माणसं नाकाला नाक लावून बोलतात. ओळख झाली की दुसऱ्या वाक्याला विचारतात, लग्न झालं का, का नाही झालं, बाप काय करतो. रोज ठरवायचो, उद्या मॅनेजरला सांगायचं, मला परत पाठवा. रोज तो उद्या पुढं जायचा, कारण एखादं मशीन उघडं पडलेलं असायचं, आणि उघडं मशीन टाकून मी कुठं जात नाही.

तेव्हाच सुहैबनं मला घरी नेलं. त्याच्या बापानं, अबू सुहैबनं, दारातच मिठी मारून आत नेऊन बसवलं. मग पितळी किटली आणली आणि अंगठ्याएवढ्या कपात, तळाला जेमतेम ओलं होईल एवढी कॉफी ओतून माझ्यापुढं धरली. मी आपला इचलकरंजीचा संस्कारी पोरगा. म्हटलं, नको नको, मी कॉफी पीत नाही. आपल्याकडं पहिल्यांदा नको म्हणायचंच असतं की.

अबू सुहैबनं किटली खाली ठेवली आणि उठून बाहेर गेला. आठ दिवस माझं नाव काढलं नाही त्या माणसानं. सुहैबनं डोक्याला हात लावून समजावलं, लेका, घरातली पहिली कॉफी नाही म्हणालास म्हणजे त्या घराला नाही म्हणालास. कप आला की घ्यायचा. उजव्या हातानं. लगेच प्यायचा. विचार करायचा नाही.

पुढच्या शुक्रवारी गेलो. कप आला, घेतला, प्यालो. दुसरा आला, प्यालो. तिसरा. चौथा. बास म्हणायचं असेल तर रिकामा कप हलवायचा असतो, हे सुहैब सांगायला विसरला होता. मला वाटलं, नाही म्हटलं तर परत आठ दिवस. नऊ कप. कडूजहर. कानातून वाफ यायला लागली. नवव्याला अबू सुहैबला संशय आला, त्यानं सुहैबकडं बघितलं, सुहैबनं माझ्याकडं, आणि मग तो म्हातारा असा हसला की किटली बाजूला ठेवून भिंतीला टेकला. त्या दिवसापासून ते घर माझं. शुक्रवारी गेलो नाही तर सुहैबची आई फोन करून विचारते, भांडलास का माझ्या पोराशी.

आणि मला हे सगळं आवडायला कधी लागलं ते कळलंच नाही. भेटल्यावर विचारपूस करायची ती नुसती बरं आहे का एवढी नाही. तू कसा, आई कशी, भाऊ कसा, तब्येत कशी, झोप कशी, परत तू कसा. आधी मला वाटायचं, अरे मघाशीच तर सांगितलं. आता मीच करतो. फोनवर आईला चार वेळा विचारतो कशी आहेस, तर ती म्हणते, खरं सांग, काय लपवतोयस.

असो. गाडी पुढं नेतो.

कारखान्यात फिनिशिंगला रनीम नावाची मुलगी आहे. शिवून आलेले कपडे तपासते, टाका चुकलेला असेल तर लाल चिठ्ठी लावते. तिच्या हातून आख्ख्या कारखान्याला लाल चिठ्ठी लागलेली आहे, मॅनेजरसकट. या रनीमच्या टेबलामागून वाफेचा एक पाइप जातो. त्या पाइपात काहीही दोष नव्हता. तरी सुहैब दिवसातून तीनदा तिथं पाना घेऊन हजर. वर्षभर त्यानं तो धडधाकट पाइप दुरुस्त केला. शेवटी रनीमनंच पाइपला लाल चिठ्ठी लावली. तिच्यावर लिहिलं, मागणी घालायची असेल तर घरी ये, हा पाइप झिजला.

तिचं घर अजलूनच्या डोंगरात, ऐन सिद्रा नावाच्या गावात. बाप अबू रकान, जैतुनाचं तेल काढायचा घाणा आहे त्याचा. माणूस कमी बोलणारा. सुहैबच्या घरून दोनदा निरोप गेला, दोनदा उत्तर आलं, हंगाम चालू आहे. नकार नाही, होकार नाही. त्यात रनीमचा एक काका, अबू झाफिर, त्याच्या मनात मुलगी आपल्याच झाफिरला करायची. पोरगं कुवेतला नोकरीला. सख्ख्या चुलत्याचा पोरगा असताना मुलगी बाहेर का द्यायची, हे त्याचं म्हणणं, आणि गावात निम्मी माणसं त्याच्या बाजूनं. रनीमनं बापाला स्पष्ट सांगितलं होतं, झाफिर मला भावासारखा. पण बाप भावाला दुखवायला तयार नव्हता. शेवटी निरोप आला, या शुक्रवारी या, बघू.

'बघू' वर सुहैब आठवडाभर जेवला नाही. आता नाही झालं तर अबू झाफिर पोराला कुवेतहून बोलावणार आणि महिन्यात उरकणार, असं रनीमनंच त्याला सांगितलं होतं. म्हणजे हा एकच शुक्रवार.

इथं मुलगी मागायला मोठी माणसं जातात, मिरवणुकीसारखी. त्याला जाहा म्हणतात. नवऱ्या मुलाकडचे तीस-चाळीस पुरुष, आणि पुढं बोलायला एक मोठ्या वजनाचा माणूस. आमच्या जाहाचा पुढारी होता अबू नाइफ. वय ऐंशीच्या घरात, दोन्ही कानांनी कमी ऐकू येणारा, मिशा अशा की त्यांना वेगळी खुर्ची द्यावी. त्यानं आयुष्यात त्रेपन्न मुली मागितल्या होत्या, सगळ्या इतरांसाठी, आणि एकदाही नकार घेऊन परतला नव्हता. भाषण त्याचं तयार असायचं. सुरुवात आदमापासून.

अबू सुहैबनं मला सांगितलं, तू पण चल, तू घरचा. स्वतःचं दुसरं तांबडं चौकड्यांचं मुंडासं मला दिलं, वरून ते धरून ठेवायचं काळ्या दोरीचं कडं चढवलं. आरशात बघितलं तर मला मीच ओळखू येईना. सुहैबनं सकाळपासून सूचना दिल्या. पाय पसरायचे नाहीत, तळवा कुणाला दिसू द्यायचा नाही. घरातल्या कुठल्या वस्तूची स्तुती करायची नाही, नाहीतर ते ती तुला देऊन टाकतील. बायकांच्या दाराकडं बघायचं नाही. मी सगळं पाठ केलं. आणि जे सांगायला पाहिजे होतं तेवढं एकच कुणी सांगितलं नाही. त्यांच्या लेखी ते सांगायची गोष्टच नव्हती. पाण्यात गेल्यावर ओलं होतं हे कोण कुणाला सांगतं?

अबू नाइफला गाडीतून न्यायचं काम माझ्याकडं आलं. रस्ताभर तो माझ्या कानात ओरडून भाषणाचा सराव करत होता. त्यामुळं उतरताना पण माझ्याच खांद्याला धरून उतरला, आत पण मला सोडेना, आणि बसला तसा मला उजव्या बाजूला ओढून बसवून घेतलं. म्हणजे मी कुठं, तर मुख्य पाव्हण्याच्या उजव्या हाताला. समोर अबू रकान, पांढरी दाढी, हात मांडीवर. त्याच्या शेजारी अबू झाफिर, ज्याच्या चेहऱ्यावर लाल चिठ्ठी आधीच लागलेली. मागं गादीवर ओळीनं गाव. सुहैब अगदी दाराशी, खाली मान घालून. नवऱ्या मुलानं बोलायचं नसतं.

रनीमचा भाऊ रकान किटली घेऊन आला. डाव्या हातात किटली, उजव्या हातात कप. वाटायला सुरुवात उजवीकडून. म्हणजे माझ्यापासून.

त्यानं ओतलं, मी घेतलं. आणि माझ्या डोक्यात काय आलं सांगू? आठ दिवस. कप आला की लगेच प्यायचा, विचार करायचा नाही. मला तर अभिमान वाटला, की बघा, मी आता तुमच्यातलाच. एका घोटात संपवली, कप हलवला, परत दिला, आणि बोललो पण, तुमच्या हाताला सलामती मिळो.

रकानचा हात कप धरून तसाच राहिला.

तिकडं सुहैबनं डोळे मिटले.

अबू सुहैब खाली वाकून माझ्या कानाशी आला आणि अगदी हळू, जणू कुणी मेल्याची बातमी देतोय अशा आवाजात म्हणाला, "पोरा, मागणीची कॉफी प्यायची नसते. ती खाली ठेवायची असते. हो म्हटल्यावर प्यायची."

मग मला कळलं. जाहात पाव्हण्यांपुढं कॉफी येते, पुढारी ती समोर ठेवतो आणि हात लावत नाही. मग यजमान विचारतो, का नाही पीत? मग तो म्हणतो, आमचं एक मागणं आहे, ते मिळाल्याशिवाय घोट घेणार नाही. मग भाषण, आदम वगैरे. मग यजमान म्हणतो, प्या तुमची कॉफी. ते तीन शब्द म्हणजेच मुलगी दिली. आणि कॉफी न विचारता प्याली, म्हणजे आमचं काही मागणं नाही, सहज आलो होतो, येतो आता.

अबू झाफिरनं ते बरोबर पकडलं. भावाकडं वळला, खोलीला ऐकू जाईल असं बोलला.

"चला, बरं झालं. पाव्हणे कॉफीला आले होते. कॉफी पिऊन झाली. काही मागायचं असतं तर कप खाली असता."

मागून दोघं-तिघं हुंकारले. अबू नाइफला काय झालं ते ऐकूच आलं नव्हतं. त्यानं घसा साफ केला, छाती पुढं काढली आणि आदमाला सुरुवात केली. त्याच्या मुलानं त्याच्या कानात ओरडून सांगितलं. त्याच्या मिशा खाली आल्या. त्रेपन्न मुली, आणि चोपन्नावीला या परदेशी मेकॅनिकनं घोळ घातला. त्यानं माझ्याकडं जसं बघितलं तसं माझ्याकडं आजवर फक्त माझ्या आईनं बघितलंय, मी तिचा नवा मिक्सर उघडला तेव्हा.

 मला सुहैब दिसत होता, दाराशी. त्याचे दोन्ही कान तांबडे झाले होते. वर्षभर धडधाकट पाइप दुरुस्त करणारा माणूस, आणि मी त्याचं सगळं एका घोटात पिऊन टाकलं.

मी उभा राहिलो. अशा बैठकीत मध्येच कुणी उभं राहत नाही, ते नंतर कळलं. म्हटलं, चूक माझी आहे. हे बाकीचे कुणी प्याले नाहीत, मी एकटा प्यालो. मला यांच्या घरात शिकवलं की पहिली कॉफी नाही म्हणायची नसते. पहिल्यांदा मी नाही म्हणालो होतो आणि हा माणूस, मी अबू सुहैबकडं बोट केलं, माझ्याशी आठ दिवस बोलला नाही. दुसऱ्यांदा नऊ कप प्यालो. मला एवढंच येतं. याच्या पुढचं कुणी शिकवलं नाही.

मागून कुणीतरी नऊ असं पुटपुटलं. अबू सुहैबनं तोंडावर मुंडाशाचं टोक धरलं.

अबू रकान पहिल्यांदा बोलला. रकानला म्हणाला, किटली इकडं आण. स्वतः उठला, स्वतःच्या हातानं कप भरला आणि माझ्यापुढं धरला.

"बस. हा घे. आता तू सांग, तुझं मागणं काय आहे?"

मी कप घेतला.  अबू नाइफनं बाजूनं हात पुढं केला, म्हणजे आता मी बोलतो असं. अबू रकाननं त्याला मान हलवून थांबवलं. म्हणाला, मोठ्या माणसा, तुमचं बोलणं मी माझ्या दोन्ही पुतण्यांच्या वेळी ऐकलंय, माझा मान आहे त्याला. पण कॉफी यानं प्याली, आता मागू दे यालाच.

अबू झाफिर म्हणाला, हा परका, याला काय अधिकार. अबू रकान नुसतं म्हणाला, त्याच्या हातात माझा कप आहे.

मी कप खाली ठेवला. सगळ्यांना दिसेल असा. सांडू नये म्हणून दोन हातांनी ठेवला, तर कुणीतरी मागून पुटपुटलं, उजव्या हातानं, मग परत उचलला, परत उजव्या हातानं ठेवला. हसायला येत होतं लोकांना, पण हसत कुणी नव्हतं.

मला भाषण येत नाही. माझी अरबी कारखान्याच्या फरशीवरची. त्यात निम्म्या शिव्या, त्या गाळल्या की वाक्यं लंगडतात. म्हटलं, काका, मी मशीन दुरुस्त करतो. मशीन घेताना मी आधी विचारतो, याच्यात खराब काय आहे? जो म्हणतो काहीच नाही, त्याच्याकडनं मी घेत नाही. म्हणून आधी सुहैबमधलं खराब सांगतो.

अबू सुहैबनं माझ्या सदऱ्याची बाही ओढली. मी थांबलो नाही. एकदा सुरू झालो की माझं असंच होतं.

म्हटलं, हा लवकर तापतो. गाडी वाईट चालवतो, म्हणून आज अबू नाइफना मी आणलं, याला दिलं असतं तर तुम्हाला भाषण दवाखान्यात ऐकावं लागलं असतं. सकाळी उठत नाही. बुद्धिबळात हरला की पट उचलून ठेवतो. आणि तुमच्या मुलीच्या टेबलामागचा पाइप वर्षभर बिघडलाय म्हणून त्यानं सगळ्या कारखान्याला खोटं सांगितलंय, तो पाइप मी बघितलाय, उत्तम आहे.

भिंतीपलीकडून, बायकांच्या बाजूनं, कुणीतरी फिसकन हसलं. मी तिकडं बघितलं नाही. मला सांगितलं होतं.

मग म्हटलं, आता चांगलं एकच सांगतो. तीन वर्षांमागं बर्फ पडला होता, आठवतंय? अबू रकान म्हणाला, झाडं मोडली होती माझी. हां, तो बर्फ. तेव्हा माझ्या खोलीत काही नव्हतं. हा एका संध्याकाळी रॉकेलची शेगडी घेऊन आला. म्हणाला, घरात दोन आहेत, एक जास्तीची पडून होती. मी दोन महिने तिच्यापुढं हातपाय शेकत बसलो. चहा केला तिच्यावर, मोजे वाळवले. उन्हाळ्यात त्याच्या आईच्या तोंडून निघून गेलं की त्यांच्याकडं शेगडी एकच होती. ते सहा जण दोन महिने स्वयंपाकघरात, चुलीच्या कडेला झोपत होते. यानं मला कधी सांगितलं नाही. आजपण सांगितलं नसतं. मी पण कधी बोललो नाही त्याच्यापाशी, मला लाज वाटली.

सुहैबनं मान वर केली. त्याला माहीतच नव्हतं की मला माहीत आहे.

म्हटलं, माझं मागणं एवढंच. तुमची मुलगी याला द्या. तिला थंडी वाजणार नाही.

एवढंच आलं मला. बसलो. कप पुढ्यात होता. चाळीस माणसं त्या कपाकडं बघत होती, मी पण.

 मग अबू रकानचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, चिडला. तर तो हसत होता. आवाज न करता हसणारी माणसं असतात ना, तसा. डोळे पुसून भावाकडं वळला.

"चाळीस वर्षं मी जाहा बघतोय. दर वेळी ही माणसं माझ्या दारात फरिश्ता घेऊन येतात. माणूस घेऊन आज पहिल्यांदा कुणी आलं."

अबू झाफिर तोंड उघडणार होता. अबू रकाननं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला, दाबला नाही, नुसता ठेवला, आणि म्हणाला, झाफिर मला मुलासारखा आहे, आणि रनीम त्याला भाऊ म्हणते. मी भावाला बहीण कशी देऊ?

मग माझ्याकडं बघितलं.

"पी तुझी कॉफी."

मला कळायला वेळच लागला. म्हणजे शब्द कळले, पण आता मी त्या शब्दांना इतका घाबरलो होतो की हात पुढं जाईना. अबू नाइफनं, ज्याला काही ऐकू येत नाही, त्यानं माझ्या पाठीत धपाटा घातला. तेवढं मात्र त्याला बरोबर ऐकू आलं होतं. मी प्यालो. गार झालेली, कडू, वेलचीची. आजवर एवढी गोड कॉफी मी प्यालेलो नाही, आणि इथं कॉफीत साखर घालत नाहीत.

मग एकदम सगळं सुटलं. रकान किटली घेऊन धावला, चाळीस कप, चाळीस घोट. सगळ्यांनी हात वर करून फातिहाची प्रार्थना म्हटली, मी पण तळहात वर केले आणि मनात आमच्या गावच्या देवाला म्हटलं, बाबा, वाचवलंस. भिंतीपलीकडून बायकांची ती जीभ हलवून काढलेली लांब किलकारी आली, एकीची, मग दहाजणींची, खिडक्या थरथरल्या. सुहैब आधी बापाच्या गळ्यात, मग सासऱ्याच्या हाताला, आणि मग माझ्या अंगावर आला ते मिठी मारायला की मारायला हे त्यालाच ठरवता येत नव्हतं. शेवटी दोन्ही केलं. माझं मुंडासं डोळ्यांवर आलं, कडं गळ्यात पडलं. कानात म्हणाला, बुद्धिबळाचं कशाला सांगितलंस लेका.

परातीत कुनाफा आला, चीज ताणलं जातंय, पाक गळतोय. रकाननं घरातून चिठ्ठी आणून माझ्या हातात दिली. लाल. वर रनीमचं अक्षर. काम पास. एक टाका चुकलाय: सगळ्या कारखान्याला नाही, पाइप धडधाकट आहे हे मला पहिल्यापासून माहीत होतं.

मी खात होतो तर शेजारी कुणीतरी येऊन बसलं. अबू झाफिर.  त्यानं कुनाफ्याची ताटली मांडीवर ठेवली. मग म्हणाला, तू मशीन दुरुस्त करतोस ना? म्हटलं, हो काका. म्हणाला, माझ्या बायकोचं शिलाई मशीन खालून दोऱ्याचे गुंते करतंय, सहा महिने. म्हटलं, आत्ता बघू? म्हणाला, आत्ता नको, आधी पाव्हणा आहेस, खा. आणि माझ्या ताटलीत त्याच्या ताटलीतला मोठा तुकडा टाकला. मग म्हणाला, झाफिरला पण तिकडं कुणीतरी आवडते म्हणे, मला सांगत नाही, तुला फोनवर सांगेल का. म्हटलं, विचारून बघतो.

आणि अबू नाइफ? तो कसला गप्प बसतोय. चोपन्नावी मुलगी भाषणाशिवाय गेलेली त्याला चालणार नव्हती. सगळे खात असताना तो उठला, मिशा वर केल्या आणि आदमापासून सुरू झाला. मुलगी देऊन झालेली, कॉफी पिऊन झालेली, कुनाफा अर्धा संपलेला, आणि हा मागतोय. अबू रकान समोर बसून गंभीरपणे ऐकत होता, प्रत्येक वाक्याला मान देत होता, जणू अजून काही ठरलंच नाही.

भाषण नोहाच्या नावेपर्यंत आलं तेव्हा रकान परत फिरत फिरत माझ्यापुढं आला. किटली वाकवली, कप पुढं केला.

मी कप घेतला. आणि हात हवेत थांबला. डावीकडं बघितलं. उजवीकडं बघितलं. अबू नाइफ बोलायचा थांबला. अबू सुहैब, अबू रकान, अबू झाफिर, दाराशी सुहैब, सगळे माझ्याकडं बघत होते.

मी डोळ्यांनीच विचारलं, पिऊ का?

चाळीस माणसांनी एकदम मान हलवली.